टाकीतल्या तिसऱ्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चामराजपेट येथे दिलेले भाषण)



घरच्या खाऱ्या पाण्यात शिंपल्यांचे संगोपन, हा आजचा विषय ऐकून आपल्यापैकी कोकण, कारवार आणि गोमंतक येथील मंडळींना प्रथम खोबऱ्याच्या वाटणाची आठवण झाली असेल, तर त्यात नवल नाही. तिसऱ्या हा आपल्याकडे स्वयंपाकघराचा विषय. त्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत पाळाव्यात, हा विचार अनेकांना खुळेपणाचा वाटेल. परंतु हा छंद आता आपल्या शहरातही आला आहे, आणि तो करणाऱ्याने एक गोष्ट आधी जाणून घेतली पाहिजे, म्हणून मी आपला वेळ घेत आहे.

तिसरी वाळूत पायाच्या साहाय्याने रुतून बसते आणि दोन नलिका वर काढते. एका नलिकेने पाणी आत येते, कल्ल्यांवर गाळले जाते आणि दुसरीने बाहेर जाते. त्या पाण्यातील डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शैवाल हेच तिचे अन्न. ती माशाप्रमाणे अन्नासाठी पृष्ठभागावर येत नाही, धावत नाही, काही मागत नाही. म्हणूनच तिला पाळणे सोपे, असा गैरसमज पसरतो.

आता समुद्राकडे वळू. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, तेव्हा अरबी समुद्र त्याच्या दाराशीच होता. आपण मात्र सुमारे ९०० मीटर उंचीवर राहतो. मंगळूर काय किंवा चेन्नई काय, दोन्ही किनारे साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. त्यामुळे चामराजपेटेत समुद्र करावा लागतो तो शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवून. प्रमाण एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. स्वयंपाकातले मीठ येथे चालत नाही, कारण कवच बांधायला चुना लागतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि शिंपला वाढत जाईल तसतसे ते टाकीत पुन्हा भरावे लागते. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्याने भरावी, खाऱ्या नव्हे. नळाचे पाणी क्लोरीन घालविल्यावाचून वापरू नये. माशांच्या रोगांवरील तांबेयुक्त औषधे तर टाकीजवळही आणू नयेत, कारण तांबे हे मृदुकाय प्राण्यांना विष आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे पारा १५-१६ अंशांपर्यंत उतरतो. कोकणचे समुद्राचे पाणी इतके गार होत नाही, तेव्हा तापकही हवा. आणि अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाळूत स्थिरावेपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे, टाकीत कोणताही प्राणी सोडू नये.

एवढे सारे केले, की पाणी स्फटिकासारखे होते. येणारे जाणारे वाहवा करतात. आणि नेमके येथेच तिसरीचे मरण सुरू होते. एक मध्यम तिसरी तासाला साधारण लिटरभर पाणी गाळते. शंभर लिटरांच्या टाकीत दहा तिसऱ्या ठेवल्या, तर दहा तासांत टाकीभर पाणी त्यांच्या कल्ल्यांतून गेलेले असते. आपण ज्याला निर्मळ पाणी म्हणतो, ते त्यांचे रिकामे ताट होय. माशाचे पोट खपाटीला जाते, गाईच्या बरगड्या दिसू लागतात. शिंपला उपाशी राहिला तरी त्याचे कवच तेवढेच राहते. आत मांस आटत असते आणि बाहेर काहीही दिसत नाही. आठवडेच्या आठवडे ती अशी कंठते, आणि एके दिवशी दोन्ही शिंपा उघडतात, त्या स्पर्शानेही मिटत नाहीत. तेव्हा ती ताबडतोब काढावी, नाहीतर एकीच्या कुजण्याने सर्वांचे पाणी नासते.

म्हणून दोन नियम पाळावेत. पहिला असा, की आधी शैवाल वाढवावे, मग तिसरी आणावी. खिडकीशी काचेच्या बाटल्यांत, खाऱ्या पाण्यात, आयसोक्रायसिस किंवा कीटोसेरॉस या जातींचे शैवाल वाढविता येते; शिंपल्यांच्या बीजोत्पादन केंद्रांतही हेच वापरतात. शंभर लिटरांत तीन-चारच तिसऱ्या ठेवाव्यात आणि पाण्याला किंचित झाक राहू द्यावी. दुसरा नियम मापाचा. लहान तिसऱ्या निवडाव्यात आणि दरमहा व्हर्निअर कॅलिपरने त्यांची लांबी मोजून वहीत लिहावी. वाढत्या वयाची तिसरी दोन महिने जराही वाढली नाही, तर ती उपाशी आहे असे समजावे. तिची तक्रार तेवढीच, आणि ती वहीतच उमटते.

घरी पिलावळ होईल, ही आशा मात्र धरू नये. शिंपल्याची पिल्ले प्रारंभी पाण्यात तरंगत असतात, आणि टाकीचा पंप व गाळणी त्यांना जगू देत नाही.

परदेशी चित्रांतील निळ्या-हिरव्या महाशिंपल्याचा मोहही टाळावा. त्याच्या मांसात शैवाल राहते, प्रकाशावर ते अन्न बनवते, म्हणून तो छंदिष्टांना प्रिय. पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकात त्याचे बीजोत्पादन सुरू झाले होते. परंतु आपल्याकडे लक्षद्वीपचे महाशिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ते पकडणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे.

आपल्या तिसऱ्यांचे खरे घर पाहायचे असेल, तर कुमठ्याजवळच्या अघनाशिनीच्या खाडीवर जावे. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. ओहोटीला तेथील बायाबापडे पाण्यात उतरून शिंपले काढतात. अनेक कुटुंबांची चूल त्यावर पेटते. २०२४ मध्ये या खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. तेथील पाणी गढूळ असते, त्यात चिखल असतो, शैवाल असते, आणि शिंपले त्यातच पोसतात.

तेव्हा ज्याला रोज बाटल्या हलवायला, दरमहा मोजायला आणि वही लिहायला सवड असेल, त्याने हा छंद अवश्य करावा. ज्याला ती नसेल, त्याने टाकीत साधे गोड्या पाण्यातले मासे ठेवावेत; त्यांची भूक त्याला दिसेल.