सेवा करणारे हात सुरक्षित हवेत



दवाखान्यात होणारा संसर्ग आणि तो टाळण्याचे प्रशिक्षण, या विषयावर आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत कारकुनी करणारी माणसे आहोत. परंतु ज्या प्रश्नाशी आपल्या माणसांचा जीव बांधलेला आहे, तो केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही.

सन १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीमाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल सिमाँ या शास्त्रज्ञाने दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे स्वतःचा बचाव कसा करावा, हे ज्ञान माईंच्या हाती नव्हतेच. आज ते आपल्या हाती आहे. तरीही सेवा करणारा माणूस सेवेपायी आजारी पडत असेल, तर त्याला त्याग म्हणू नये, हयगय म्हणावे.

हे ज्ञान अवघड नाही. व्हिएन्ना येथील इस्पितळात डॉ. सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शेकडा १८ बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ वर आले. नवे औषध नव्हते, फक्त हात स्वच्छ झाले होते. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की साबणाने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद द्यावेत. रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर ते धुतलेच पाहिजेत.

आपल्या भागात डहाणू व कासा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे, आणि पाड्यांसाठी उपकेंद्रे आहेत. गरिबाचा आधार तोच. तेथून पुढे पाठवले तर सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते. अशा ठिकाणी टाके पिकले, तर मजुराच्या घराची महिन्याची रोजी बुडते.

दवाखान्यात डॉक्टर व परिचारिका शिकून आलेल्या असतात. पण रक्ताळलेला कापूस उचलणारी मावशी, फरशी पुसणारा कंत्राटी कामगार यांना कोण शिकवते? या कामात आपले बांधव आहेत, आदिवासी बांधवही आहेत. त्यांच्यासाठी कायदा स्पष्ट आहे. सन २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास कामावर घेताना आणि नंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण दिलेच पाहिजे. कावीळ-ब व धनुर्वाताची लस दिली पाहिजे. आरोग्य तपासणीही झाली पाहिजे. ही कोणाची मेहरबानी नव्हे, हा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रहो, एवढे तरी पाठ करा. रक्ताळलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर बोट तोंडात घालू नये, पिळू नये. साबण-पाण्याने धुवावे आणि ताबडतोब डॉक्टरांना सांगावे. एचआयव्ही टाळणारे औषध ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू व्हावे लागते. भीतीपोटी लपवले, तर ही वेळ निघून जाते.

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोघांकडे असतात. त्यात कोणाच्या प्रामाणिकपणावर संशय नसतो, ती रीत असते. दवाखान्यातही तशीच रीत हवी. प्रशिक्षण म्हणजे एक भाषण आणि हजेरीपटावर सही नव्हे. वारली बोलणाऱ्या मावशीला तिच्या बोलीत सांगावे, हाताने करून दाखवावे आणि तिच्याकडून करून घ्यावे. तिने मोठ्या डॉक्टरांना "साहेब, हात धुतले का?" असे विचारले, तर तिला कोणी गप्प बसवू नये.

आपल्या ओळखीत जे कोणी दवाखान्यात काम करतात, त्यांना उद्याच दोन प्रश्न विचारा: लस मिळाली का? या वर्षी प्रशिक्षण झाले का? उत्तर "नाही" आले, तर अर्ज लिहून द्या. लिहिता-वाचता येणाऱ्यांनी एवढे केले, तरी सावित्रीमाईंनी दिलेल्या अक्षरांचे सार्थक होईल.

जय भीम!