परदेशी गेलेल्यांचे घर



१९४८ नंतर आमच्या किनाऱ्यावरील बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली, ती नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावे घेऊन. गावाचे नाव समुद्रापार नेता येते; घर मात्र मागे राहते. आज आखातात, विलायतेत स्थायिक झालेल्या आमच्या मंडळींपुढे हाच प्रश्न आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात कौले उडाली, पोफळी आडव्या झाल्या, आणि अनेक घरांची दुरुस्ती पुढे ढकलणे अशक्य झाले.

सुट्टी महिन्याची, म्हणून जांभ्याच्या भिंतीवर घाईने सिमेंटचा गिलावा चढतो. जांभा पाणी पितो आणि सोडतो. सिमेंटने ती वाट बुजते, ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. चुन्याला दिवस लागतात, पण त्यातून ओल बाहेर पडते. छपराचेही तसेच. दरसाल पावसाआधी फुटकी कौले बदलावी लागतात, वासे ठोकून पाहावे लागतात. पूर्वी चुलीच्या धुराने लाकडाची कीड दूर राही. बंद घरात चूलच नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, गवंड्याला बोलावण्याआधी घरात राहणार कोण, ते ठरवा. भावकीतले, शेजारचे एखादे कुटुंब ठेवा. ‘आत आलेला बाहेर निघत नाही’ ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय लेखी करार आणि वारसांच्या नावांची वेळेवर नोंद हा आहे. कुलपाने चोर थांबेल. मृगाचा पाऊस थांबणार नाही.