फाइल आहे, पण वाचता येत नाही

बंगळुरूच्या बसवनगुडीत गांधी बझारच्या आसपास कन्नड मजकुराची जुनी फाइल घेऊन छपाईवाल्याकडे गेलात, की तो आधी विचारतो, ‘नुडी का बरह?’ पुण्यातला डीटीपीवाला विचारतो, ‘श्रीलिपी का आकृती?’ फाइल कोणत्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमधली, हे कळल्याशिवाय त्याचं काम सुरूच होत नाही. असं का?

पूर्वीचे संगणक रोमन अक्षरांपुरते घडवलेले. म्हणून आपल्याकडे एक युक्ती निघाली : रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ टाइप केलं, तर संगणक साठवतो ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्ट असेल तर मराठी दिसते. नसेल तर ही पाच अक्षरं. ‘किती’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ मागून, कारण क्रम टाइपरायटरचा!

प्रत्येक कंपनीने ही मांडणी आपापल्या सोयीनं केली. प्रयत्न सगळे एकांडे नव्हते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं, भारतीय लिप्या संगणकावर आणणारं ‘जिस्ट’चं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, १९९१मध्ये ‘इस्की’ हे अक्षरसंकेतांचं भारतीय मानकही ठरलं. पण डीटीपीच्या बाजारात ज्याचा त्याचा फॉन्टच चालत राहिला. शेषाद्रिवासूंचं ‘बरह’ हे सॉफ्टवेअर १९९८मध्ये कन्नडसाठी आलं. पुढे त्यात मराठीही लिहिता येऊ लागली. कन्नड गणक परिषदेच्या ‘नुडी’तली कळांची मांडणी के. पी. राव यांची, आणि हे राव मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. असा हा कन्नड-मराठीचा गोतावळा.

आता युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक आहे. जुना मजकूर त्यात आणणारे कन्व्हर्टरही मिळतात. पण ते रफार, जोडाक्षरं आणि वेलांट्यांपाशी अनेकदा अडखळतात.

तेव्हा तुमच्या मंडळाच्या स्मरणिका, आजोबांचं आत्मचरित्र, संस्थेची इतिवृत्तं जुन्या सीडीवर पडून असतील, तर एवढं करा. मूळ फाइल पुसू नका. फाइलच्या नावातच फॉन्टचं नाव लिहा आणि तो फॉन्टही सोबत ठेवा. मग मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहा. ज्यांनी तो मजकूर टाइप केला, ती माणसं फॉन्टचं नाव सांगायला आहेत, तोवरच हे उरकून घ्या.