परीक्षा घ्यावी कशी ?
(शिक्षक व पालक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



परीक्षा असावी कीं नसावी, हा वाद आम्ही आज काढीत नाहीं. मुलास जें येतें तें विचारून घेण्याची आमची रीत बरोबर आहे काय, एवढेंच बोलणार आहों.

आमच्या चौथींत ऊसतोडीला जाणाऱ्या घरची एक मुलगी होती. पेपरांत प्रश्न होता, "१४४ वस्तूंचे प्रत्येकी १२ याप्रमाणें समान गट केल्यास एकूण गटांची संख्या किती ?" तिनें जागा कोरी सोडली. आम्ही लाल शाईनें शून्य दिलें. दुपारीं पटांगणांत सहज विचारलें, "काय गं, वाढ्याच्या १४४ पेंढ्या, बारा पेंढ्यांचा एक भारा, तर भारे किती ?" ती म्हणाली, "बाराच की, गुरुजी." आतां तें शून्य कोणाचें ? तिचें, कीं प्रश्न घालणाराचें ?

सन २०१० पासून आपल्या राज्यांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. (नांव असें, कीं उच्चारतांना गुरुजीच नापास व्हावा !) निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, सर्व वाटा त्यांत मोकळ्या आहेत. परंतु खरें बोलावयाचें तर त्या नोंदी आपण पुष्कळजण वर्षअखेर एका बैठकींत भरतों. त्यांत आम्हीही आलों.

२०२० सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां प्रश्न मोबाईलवर धाडले. घरांत फोन एक, तो दिवसभर बापाबरोबर कामावर. रात्रीं उत्तरें येत तीं थोरल्या भावाच्या अक्षरांत. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांचीं आलींच नाहींत. ते गुण कोणाचे, हें आम्हांस अजून ठाऊक नाहीं. पुढें दारोदार जाऊन उंबऱ्यावर बसून विचारलें, तेव्हां कोणास काय येतें तें कळलें.

मग सगळेंच तोंडी घ्यावें काय ? मुळींच नाहीं. तोंडी परीक्षेंत गुरुजीला मुलाचा चेहरा दिसतो, आडनांव ठाऊक असतें, बापही ठाऊक असतो. वजनदार घरचा मुलगा अडखळला तर आपण शब्द पुरवितों. मजुराचा अडखळला तर "बस खालीं" म्हणतों. कागदावर नुसता नंबर असला तर त्याला जात दिसत नाहीं, हा कागदाचा मोठा गुण आहे आणि तो आपल्या लोकांनीं तरी विसरूं नये.

हें आज बोलण्याचें कारण असें. २००९ च्या कायद्यानें आठवीपर्यंत कोणास मागें ठेवतां येत नव्हतें. २०१९ सालीं कायदा बदलला, आणि २०२३-२४ पासून राज्यांत पांचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आली. फेरपरीक्षेंतही जो नापास होईल तो त्याच वर्गांत राहील. आमची ती मुलगी एक वर्ष मागें राहिली कीं तिच्या हातीं कोयता येतो, नाहीं तर तिचें लग्न ठरतें.

म्हणून येत्या सहामाहीस आम्ही प्रत्येक प्रश्न मोठ्यानें वाचून दाखविणार, न कळल्यास गांवच्या बोलींत सांगणार, उत्तर मात्र कागदावर घेणार. कागदावर नांव नाहीं, नंबर. तपासणीस गठ्ठा शेजारच्या गांवच्या गुरुजींकडे जाईल, त्यांचा आमच्याकडे येईल. ज्या पालकांस पाहावयाचें असेल त्यांनीं त्या दिवशीं शाळेंत येऊन मागें बसावें. मुलांस खुणा मात्र करूं नयेत.