वर्दीचा कागद

वेळ कमी आहे, एकच गोष्ट सांगते. इराकहून परतलेला सैनिक ड्र्यू कॅमेरॉन आणि कागद बनवणारा कलावंत ड्र्यू मॅटॉट यांनी २००७ साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये ‘कॉम्बॅट पेपर’ सुरू केलं. सैनिक स्वतःची वर्दी स्वतः कातरतो. तुकडे पाण्यात घालून यंत्रात कुटायचे, लगदा चाळणीवर उचलायचा, दाबून वाळवायचा. पुण्याच्या हातकागद संस्थेत चिंध्यांचा होतो, तसाच कागद! मग त्यावर तो लिहितो, चित्र छापतो. घरी युद्धाचं नाव न काढणारे काहीजण कातरता कातरता बोलू लागतात. (आम्ही संगणकवाले सरळ डिलीट करतो.) कलावंत हुन्नर शिकवतो, मजकूर सैनिकाचा, मला हीच वाटणी पटली. आपल्या बॅचचे फौजी मागच्या रांगेत बसलेत. जेवणानंतर त्यांच्या पंगतीला बसणार आहे.