तंत्रज्ञ स्वतः रुग्ण होतो तेव्हा
(वार्षिक सभेत किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या यंत्रांविषयी आपण दरवर्षी ऐकता. आज ती चालविणाऱ्यांविषयी थोडे सांगतो. त्यांच्या छातीवर जो लहानसा बिल्ला दिसतो, तो टीएलडी बॅज. अंगावर किती किरणोत्सार पडला, हे तो तीन महिने साठवून ठेवतो. तो कोठून आला, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी मी अन्यत्र सेवेत असताना क्ष-किरण विभागातील एका तंत्रज्ञांच्या बॅजवर नेहमीच्या कितीतरी पट मात्रा आढळली. आम्ही यंत्र तपासले, भिंती तपासल्या, शिशाचे ॲप्रन पडताळले. दोष सापडेना. अखेर ते गृहस्थ एकांतात म्हणाले, "साहेब, थायरॉईडसाठी मी किरणोत्सारी आयोडीन घेतलं होतं. पगार कापला जाईल म्हणून दुसऱ्याच आठवड्यात कामावर आलो." बॅजने मोजले होते ते त्यांच्याच गळ्यातील औषध!

अणुऊर्जा नियामक मंडळाने पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा घातली आहे, ती कामातून मिळणाऱ्या मात्रेसाठी. उपचारातील मात्रा तीत धरीत नाहीत, कारण तिचा लाभ त्या व्यक्तीलाच होतो. परंतु दोन्ही एकाच बॅजवर मिसळल्या की वेगळ्या करणे फार कठीण. त्या दिवसांत यंत्रात खरोखरच बिघाड असता, तर त्यांच्या नोंदीत तो औषधाआड झाकला गेला असता. बॅज काढून किरण-कक्षात काम करणे हा तर उपायच नव्हे.

म्हणून आमच्या विभागात एवढाच आग्रह आहे की, अशी तपासणी वा उपचार घेण्यापूर्वी आम्हांला कळवावे. आजार कोणता, हे आम्ही विचारीत नाही. द्रव्य कोणते, किती व केव्हा दिले, एवढे पुरते. बॅज तेवढा काळ किरणोत्सारापासून दूर जपून ठेवतो. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य सहा तासांचे. दिवसभरात सोळावा हिस्सा उरतो, आणि दोन-तीन दिवसांत बहुधा परतता येते. आयोडीन-१३१चे आठ दिवसांचे असल्याने तेथे काही आठवडे लागतात. शिवाय ते लघवी, लाळ व घाम यांवाटे बाहेर पडते, त्यामुळे आण्विक वैद्यक विभागात अशी व्यक्ती नुसती वावरली तरी मोजमापे बिघडू शकतात. परतीचा दिवस आम्ही दिनदर्शिकेवरून नव्हे, तर मापक शरीराजवळ धरून ठरवितो. घरी लहान मुले वा गर्भवती स्त्री असल्यास इतर रुग्णांना सांगतो तेच अंतराचे नियम त्यांनाही लागू.

या काळात त्यांना किरण-कक्षाबाहेरचे, दप्तरातील काम पूर्ण वेतनावर दिले जाते. ही सवलत आज विभागप्रमुखांच्या सौजन्यावर अवलंबून आहे. विश्वस्त मंडळाने ती सेवानियमांत लेखी समाविष्ट करावी, अशी माझी नम्र विनंती आहे. पगाराच्या भीतीने गप्प राहिलेला तंत्रज्ञ मी एकदा पाहिला आहे. येथे तो पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.