रेव्हरंड नारायण वामन टिळक : श्रद्धा, शिकवण आणि संसार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची देवावर निष्ठा होती आणि खडूवरही होती, असे आपण सारे सांगता. अशा व्यासपीठावरून कोणाविषयी बोलावे, याचा विचार करताना माझ्यासमोर एक नाव आले. श्रद्धाळू, हाडाचा शिक्षक आणि संसारी, अशी तिन्ही विशेषणे ज्याला लागू पडतात आणि तिन्ही ठिकाणी ज्याची कसोटी लागली, अशा माणसाचे ते नाव आहे : रेव्हरंड नारायण वामन टिळक.

पेडणे-डिचोलीच्या श्रोत्यांपुढे एका ख्रिस्ती पाळकाचे चरित्र मांडताना थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. धर्मांतर हा शब्द आपल्याकडे साधा नाही. डिचोली महालातील नार्वे गावी सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. तेथील देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले, देव नदीपलीकडे आला आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचे देऊळ नव्याने उभारविले. गोव्यात 1560 मध्ये आलेले इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचे संपले. आपले महाल पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले, म्हणून इथली देवळे वाचली. पण आठवण वाचवावी लागत नाही, ती राहतेच. धर्म बदलणे म्हणजे सत्तेची सक्ती, असे समीकरण आपल्या मनात रुजले आहे आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

टिळकांची कथा या समीकरणात बसत नाही. म्हणूनच ती आपण ऐकावी, असे मला वाटते.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन कुटुंबात झाला. आईची माया लहानपणीच हरपली, वडिलांचा स्वभाव करडा. मुलगा घर सोडून नाशिकला आला आणि तेथे संस्कृत शिकला. पुढे जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचा विवाह झाला. हीच सासरची लक्ष्मी, मराठी वाचकांची लक्ष्मीबाई. टिळक कधी एका नोकरीत स्थिरावले नाहीत. शिकवावे, कीर्तन करावे, कविता लिहाव्यात, एखादे मासिक काढावे आणि बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जावे, असा क्रम होता. या भटकंतीत आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. वाचन, शंका, पत्रव्यवहार आणि दीर्घ मनोमंथन यांनंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कोणत्याही राजसत्तेने त्यांना भाग पाडले नव्हते. मिळण्यापेक्षा गमावण्यासारखेच अधिक होते आणि ते त्यांनी गमावले. परंतु श्रोतेहो, येथे आपण थोडे थांबले पाहिजे. गमावणारे ते एकटे नव्हते. घरी पत्नी होती, चार वर्षांच्या आतला मुलगा दत्तू होता. इतका मोठा निर्णय पत्नीला विश्वासात न घेता झाला. ज्या समाजात नवऱ्याचे घर हेच स्त्रीचे जग, त्या समाजात एका रात्रीत तिचे जग गेले. नातलगांच्या आधाराने, पंढरपूरसारख्या ठिकाणी राहून तिने ते दिवस काढले. सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून घेतलेला निर्णयही दुसऱ्यावर अन्याय करू शकतो. टिळकांचे गुणगान करताना हे झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि स्वतः लक्ष्मीबाईंनीही ते झाकलेले नाही.

सुमारे साडेचार-पाच वर्षांनी पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, आणि खरे चरित्र मला येथून सुरू होते असे वाटते. एका छपराखाली दोन धर्म नांदू लागले. लक्ष्मीबाईंचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, त्यांचे वेगळे पाणी, हे सारे टिळकांनी मानले. बाहेर हजारोंना उपदेश करणारा माणूस घरात मात्र वाट पाहत राहिला. नंतर राहुरीस असताना लक्ष्मीबाईंच्या मनानेच प्रश्न केला की ही जातीची उतरंड देवाने रचली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनाच सापडले. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन; नवऱ्याच्या मागून ओढली गेलेली बायको म्हणून नव्हे.

मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलो. उत्तर ठाऊक असूनही विद्यार्थ्याला ते लगेच न सांगणे, हे शिक्षकाला सर्वांत अवघड जाते. बाप्तिस्म्याच्या वेळी टिळकांना हे जमले नव्हते. पुढे त्यांनी ते साधले.

अहमदनगरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी शिकविले. 1904 मध्ये ते दीक्षित पाळक झाले. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. परंतु त्यांची मोठी शाळा घरातच भरत असे. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा मुलगा पुढे त्यांच्या घरी राहिला. तोच आपला बालकवी. हिंदू मुलगा ख्रिस्ती पाळकाच्या घरी मुलासारखा वाढला आणि हिंदूच राहिला. घरात पैसा टिकत नसे, कारण टिळकांचा हात सैल. राग क्षणात चढे आणि क्षणात उतरे. हे सारे सांभाळीत लक्ष्मीबाई घरातच शिकल्या, कविता करू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या स्त्रीची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान आजही अढळ आहे. टिळकांचा सर्वांत गुणी विद्यार्थी कोण, असे कोणी विचारले तर मी लक्ष्मीबाईंचे नाव घेईन. आणि टिळकांना कोणी शिकविले, असे विचारले तरी तेच नाव घेईन.

धर्म बदलला म्हणून टिळकांनी भाषा बदलली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात आणि ओवीत गायिली. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत गायिली गेली. आपल्या गोमंतकाला हे नवे नव्हते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये रायतूरहून मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. ते 1619 मध्ये निवर्तले. टिळक बरोबर तीनशे वर्षांनी, 9 मे 1919 रोजी मुंबईत. मधल्या काळात, 1684 मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी इथली बोली सोडण्याचा हुकूम काढला होता. सत्तेने तोडलेला तो धागा टिळकांनी प्रेमाने पुन्हा हाती घेतला. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोड्या अध्यायांवर थांबले. पुढचे बहुतेक सारे लक्ष्मीबाईंनी रचले आणि दोघांच्या पश्चात, 1938 मध्ये, ते प्रसिद्ध झाले. तो संसार असा काव्यातही पुरा झाला.

अखेरच्या पर्वात, 1917 मध्ये, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली. साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. मृत्यूनंतर देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली.

श्रोतेहो, आपल्या डिचोली महालातील शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी आहेत, असे इथली माणसे पिढ्यान्पिढ्या मानत आली. पंडितांनी काढलेला हा तोडगा नव्हे. शेजारधर्म जाणणाऱ्या साध्या माणसांनी हे नाते जोडले. दोन श्रद्धा एका अंगणात राहू शकतात हे त्यांना ग्रंथ न वाचता उमगले. टिळकांच्या घरात तेच एका चुलीपाशी, फार मोठी किंमत देऊन, शिकले गेले. श्रद्धा पक्की असलेल्या माणसाने दुसऱ्यावर जबरदस्ती करू नये आणि ती चुकून झालीच तर उरलेले आयुष्य धीर धरून तिची भरपाई करावी, एवढे जरी या चरित्रातून आपण घेतले, तरी ज्या गुरुजींचे स्मरण करण्यासाठी आपण जमलो त्यांना ते आवडेल, असा मला विश्वास वाटतो.